आज चहा कोण टाकणार?

आमच्या सॉफ्टबॉलच्या टीममध्ये "जरा चहा टाकता का?" असं कुणी म्हटलं की ऐकणारा आधी सगळ्यांची तोंडं बघतो. चहा हे निमित्त. खरा अर्थ असा, की आता तुमच्याविषयी बोलायचंय, तेव्हा तुम्ही इथून उठा.

ही प्रथा सुरू झाली तेव्हा चांगली होती. आमचे कप्तान, ज्यांना आम्ही नुसतं डॉक्टर म्हणतो, त्या काळी न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावात एका जुन्या लाकडी घरात भाड्यानं राहायचे. त्या घराच्या स्वयंपाकघराला दार होतं. सीझन संपला की हिवाळ्यात आम्ही तिथं जमायचो आणि पुढच्या वर्षी कोण खेळणार, कुणाला बसवायचं, दुसऱ्या टीममधून कुणाला ओढायचं यावर तासन्‌तास भांडायचो. पण तोंडावर कुणाला "तू नको" म्हणण्याचं धाडस आमच्यात नाही. म्हणून ज्याचा विषय निघेल त्यानं आत जाऊन चहा टाकायचा आणि दार लावून घ्यायचं. तो कप घेऊन बाहेर आला की सगळे अचानक वाऱ्यावर आणि पेट्रोलच्या भावावर बोलत असायचे. निकाल डॉक्टर दुसऱ्या दिवशी फोनवर सांगायचे.

मग एकेकानं घरं घेतली. नवी, बैठक आणि स्वयंपाक एकाच खोलीत असलेली. दार गेलं, प्रथा राहिली. त्यामुळे आता चहा टाकणारा सोफ्यापासून सहा पावलांवर उभा असतो आणि लोक तो नसल्यासारखं त्याच्याविषयी बोलतात. तोडगा म्हणून शेगडीवरचा रेंजहूड चालू करायचा असं ठरलं. त्याच्या घरघरीत काही ऐकू येत नाही, असं सगळे मानतात. मीही मानायचे. आजवर मी बऱ्याच जणांना चहाला पाठवलंय आणि मागून बिनधास्त बोललेय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते स्वतःवर वेळ आली तेव्हा कळलं.

मराठी माणसं आणि सॉफ्टबॉल म्हटलं की इथे नवीन आलेले लोक हसतात. हसू देत. जळगावला आमच्या शाळेत खेळाच्या सरांनी उंची बघून मुली गोळा केल्या, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून आयांनी परवानगी दिली, आणि मी चार वर्षं हात खांद्यातून गोल फिरवून कमरेखालून चेंडू टाकत राहिले. गुण मिळाले, फार्मसीला प्रवेश मिळाला, खेळ सुटला. पुढे शिकायला न्यूझीलंडला आले, तर इथे शनिवारी मैदानामैदानावर तोच पिवळा चेंडू, तोच ग्लव्ह, आणि शाळकरी पोरींपासून आज्यांपर्यंत सगळ्या खेळताहेत. परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसं मला झालं. दोन वर्षांत मी डझनभर मराठी लोक गोळा केले आणि बायका-पुरुषांची एकत्र टीम उभी केली. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, अर्थातच मी. नवरा नाशिकचा, क्रिकेटमधला विकेटकीपर. त्याला मी घरासमोरच्या ड्राइव्हवेमध्ये सॉफ्टबॉलचा कॅचर बनवला. अकरा वर्षं मी चेंडू टाकतेय आणि तो पकडतोय. बाकी संसारात आमचं किती जमतं ते विचारू नका, पण तेवढं जमायचं.

गेला सीझन मात्र वाईट गेला. खालच्या ग्रेडमध्ये ढकलले जाता जाता आम्ही एका मॅचनं वाचलो. चार चेंडू बाहेर गेले की समोरचा बॅटर फुकटात पहिल्या बेसवर चालत जातो, आणि मी माणसं अशी फुकटात चालत पाठवत होते. त्यात नवऱ्याच्या ग्लव्हमधून सरळ आलेले चेंडूही सुटायला लागले. चेंडू मागे गेला की बेसवरची माणसं पळतात. दर शनिवारी परतताना मी गाडीत त्याच्यावर तोंड सोडायचे. "डोळे कुठे असतात तुझे? चष्मा लागलाय का बघून घे." तो खिडकीबाहेर बघत बसायचा.

खरं कारण आम्हा दोघांनाच माहीत होतं. फेब्रुवारीत माझा उजवा खांदा गेला. आधी नुसता ठणकायचा, मग केस बांधायला हात डोक्यामागे जाईना. सकाळी कामावर जाण्यापूर्वी नवरा माझे केस बांधायला लागला. भयंकर बांधतो, पोत्याचं तोंड आवळावं तसं. फार्मसीच्या काउंटरवर लोकांना "या गोळ्या पाच दिवसांच्या वर घेऊ नका" म्हणून बजावणारी मी, त्याच गोळ्या मॅचच्या दिवशी पर्समध्ये ठेवायचे. दवाखान्यात गेले असते तर पहिलं वाक्य "खेळणं बंद" हेच आलं असतं. म्हणून गेले नाही. नवऱ्याला सांगून ठेवलं, "टीममध्ये एक शब्द बोललास तर बघ." तो म्हणाला, "नाही बोलत."

एका खेळासाठी एवढं कशाला, असं कुणालाही वाटेल. दिवसभर मी काउंटरमागे उभी असते, लोक माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या पिशवीकडे बघतात. घरी मुलगी मराठीतल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते आणि खोलीचं दार लावते. मैदानावरच्या त्या मातीच्या गोलात उभी राहिले की दोन्ही टीम, सगळे प्रेक्षक, अंपायरसुद्धा, माझ्या हाताची वाट बघतात. मला ते आवडतं. सरळ सांगते, फार आवडतं.

यंदाची बैठक आमच्या घरी होती. रविवारची दुपार, बाहेर दक्षिणेचा बोचरा वारा, आत हीटपंप आणि दहा-बारा माणसं. नावं संध्याकाळी सहाच्या आत लीगला पाठवायची होती. सहानंतर कुणाला या टीममधून त्या टीममध्ये जाता येत नाही.

सुरुवात नेहमीसारखी झाली. अमरावतीहून विद्यार्थी म्हणून आलेला आणि आता इलेक्ट्रिशियन असलेला, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा आमचा शॉर्टस्टॉप सोफ्याच्या हातावर बसून म्हणाला, "पिचर-बिचर राहू द्या हो. आपल्याले मारणारा पाहिजे. गेल्या साली आपण हीप्स ऑफ चान्सेस घालवले."

"मारणारा आणशील कुठून?" स्कोअरवाल्या काकूंनी विचारलं. काकू स्वतः कधी खेळल्या नाहीत. त्यांचा मुलगा आमच्याकडे खेळायचा, तो ऑस्ट्रेलियाला गेला, तरी काकू घडीची खुर्ची आणि स्कोअरबुक घेऊन दर शनिवारी हजर असतात. "डावीकडे लांबचे झेल कोण पकडणार ते आधी बघा. तिथं गेल्या वर्षी नुसतं गवत उभं होतं."

मैदानाबाहेरून सल्ले देणारी आणखी तीन-चार मंडळी होती, उंटावरून शेळ्या हाकणारी. त्यांनी उगाच दुसऱ्या टीमच्या अर्ध्या खेळाडूंची आमच्याशी अदलाबदल करून टाकली. मीही त्यात होते, मोठमोठ्यानं बोलत होते. पण डॉक्टर गप्प होते. हॉस्पिटलात माणसांना भूल देणारे हे गृहस्थ गप्प बसले की काहीतरी टोचणार हे मला माहीत आहे.

साडेचारला त्यांनी घसा साफ केला. "एक ऑफर आलीये. त्या शिक्षकांच्या टीमकडून."

शिक्षकांची टीम खालच्या ग्रेडमध्ये खेळते. त्यांच्याकडे एकवीस वर्षांची एक सामोअन मुलगी आहे. तिचा चेंडू मी पाहिलाय. हातातून सुटतो आणि ग्लव्हमध्ये वाजतो, मधलं काही दिसत नाही. तिला वरच्या ग्रेडमध्ये खेळायचं होतं आणि तिची टीम तिला सोडायला तयार होती.

"बदल्यात?" अमरावतीकरानं विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग कार्पेटकडे. "त्यांच्याकडे दुसरी पिचर नाही. त्यांना एक अनुभवी पिचर हवीये." थोडं थांबून ते म्हणाले, "तुम्ही जरा चहा टाकता का?"

माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावरून मला उठवलं. जिनं ही टीम उभी केली तिला, मला. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता आणि हातातला किल्ल्यांचा जुडगा उलटसुलट करत होता. मी उठले. काय करणार, प्रथेला सगळ्यात जास्त टाळ्या आजवर मीच वाजवल्या होत्या.

डाव्या हातानं पातेलं काढलं, पाणी ठेवलं, रेंजहूड चालू केला. त्याला तीन स्पीड आहेत. तिसऱ्यावर टाकला असता तर खरंच काही ऐकू आलं नसतं. मी पहिल्यावर ठेवला.

"काकू, आकडे सांगा," डॉक्टर म्हणाले.

काकूंनी स्कोअरबुक उघडलं. फुकटात चालत पाठवलेल्या माणसांचे आकडे त्यांनी मॅचवार वाचले. आवाजात दुष्टपणा नव्हता, भाजीची यादी वाचावी तसं वाचत होत्या, त्यामुळे जास्त लागलं. "फेब्रुवारीनंतर फार वाढलेत हो. पण सगळं तिच्यावर घालू नका. कॅचरच्या हातून सुटलेले पण तेवढेच आहेत."

"तेच तर," अमरावतीकर उसळला. "कॅचर चेंडू सोडतो अन्‌ ताईले काऊन द्यायचं? ताई नसती तर ही टीमच नसती. माहं तर म्हणणं आहे, ताईले अजून दोन सीझन द्या."

मी आलं किसत होते. हवं त्याच्या दुप्पट किसलं गेलं. गेल्या वर्षी ह्याच पोराला मी चहाला पाठवून "याच्यात दम नाही" म्हणाले होते. त्यानं ते ऐकलं असणार, आता माझ्या लक्षात आलं, कारण त्याच्या घरचा रेंजहूड तर अगदीच मवाळ आहे.

मग आणखी दोघं-तिघं बोलले. कुणी म्हणालं वय. कुणी म्हणालं, खालच्या ग्रेडमध्ये त्यांना मान मिळेल, मुलींना शिकवतील. मान मिळेल म्हणे! हात वर करायला सांगितले तेव्हा मी पाठ वळवली नाही, सरळ मोजले. पाच देण्याच्या बाजूनं, पाच ठेवण्याच्या. नवऱ्यानं हात वर केला नव्हता.

"तुमचं मत राहिलं," डॉक्टर त्याला म्हणाले. "तिचे चेंडू तुमच्याइतके कुणी पकडले नाहीत. तुम्ही सांगा. अजून दम आहे का?"

तो किल्ल्या मोजत राहिला. पाणी उकळायला लागलं होतं. माझा हात रेंजहूडच्या बटणाकडे गेला. तिसऱ्या स्पीडवर टाकून मी सुटू शकले असते. मी तो बंद केला.

एकदम एवढी शांतता झाली की सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चहावाल्यानं रेंजहूड बंद केला असं आमच्यात कधी झालं नव्हतं. नवऱ्यानंही पाहिलं. आणि माझ्याकडे बघत, मला ऐकू येतंय हे पुरतं माहीत असताना, तो म्हणाला, "तिला काढा."

"अरे..." काकू म्हणाल्या.

"खांदा गेलाय तिचा. फेब्रुवारीपासून. हात डोक्यापर्यंत जात नाही, केस मी बांधतो. गोळ्या खाऊन टाकते चेंडू. तुम्ही तिला अजून दोन सीझन द्याल आणि ती टाकेल. मेली तरी टाकेल. तुम्हीच काढा. माझं ऐकत नाही ती."

मी कधी काउंटरला वळसा घालून बाहेर आले ते मला आठवत नाही. हातात गाळणं होतं. "घरभेदी!" मी ओरडले. "एवढा पुळका होता तर चेंडू तरी धड पकडायचे होतेस! तुझ्या हातून सुटलेल्या चेंडूंनी हरलोय आपण, माझ्या खांद्यानं नाही! स्वतःचं झाकायला माझं उघडं पाडतोस?"

दहा माणसांसमोर मी हे बोलले. आजही आठवलं की कानशिलं गरम होतात.

तो चिडला नाही. किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "हो, सुटले. हात गोल फिरून वर आला की तुझं तोंड कसं होतं ते तुला माहीत नाही. तुझ्या समोर बसलेल्याला दिसतं फक्त. मला बघवायचं नाही. डोळे मिटायचे माझे, आपोआप. उघडेपर्यंत चेंडू मागे गेलेला असायचा."

काकूंनी स्कोअरबुक मिटलं. "बाई बाई," त्या म्हणाल्या, "आणि मी ते सगळे तुझ्या नावावर लिहीत बसले रे."

डॉक्टर उठून माझ्यापाशी आले. कप्तानासारखे नाही, हॉस्पिटलातल्यासारखे. माझं कोपर धरून हात हळूच बाजूनं वर नेला. खांद्याच्या उंचीला यायच्या आधीच माझ्या तोंडून आवाज निघाला. त्यांनी हात तितकाच हळू खाली सोडला. "पाच महिने?" एवढंच विचारलं. मी मान हलवली.

पाच वाजून गेले होते. मुद्दा मात्र तसाच लोंबकळत होता, आणि आता तो आणखी वाकडा झाला होता. माझी अदलाबदल करायची, तर देणार काय होते हे लोक? मोडका खांदा?

अमरावतीकरानंच तोंड उघडलं. मगाशी माझ्यासाठी भांडलेला तोच. "मंग मास्तरलोकांले कायले सांगाचं? सहाच्या आत नाव टाकलं का झालं. ताई तिकडे जाऊन आराम करतीन, थोड्या दिवसांनी म्हणतीन दुखलं. आपल्याले पोरगी भेटते. स्वीट ॲज, एकदम मस्त."

वाईट मनाचा नाही तो. त्याला टीम वाचवायची होती. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते "नाही" म्हणतील असं वाटलं होतं, पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि एक क्षण, अगदी एकच क्षण, मला दिसलं की तेही विचार करताहेत. ती मुलगी मिळाली असती तर आम्ही वरच्या चारांत आलो असतो. खोलीतल्या प्रत्येकाला ते दिसत होतं. मलाही.

आणि खोटं कशाला बोलू, मलाही मोह झाला. तिकडे कुणाला काही माहीत नव्हतं. सहा महिन्यांत खांदा बरा झाला असता तर? खालच्या ग्रेडमध्ये का होईना, तो मातीचा गोल मिळाला असता.

मग माझंच डोकं फिरलं. "मी काय सेकंडहँड गाडी आहे का," मी म्हणाले, "मीटर मागे फिरवून विकायला?"

टीमची सेक्रेटरी मीच. शिक्षकांच्या मॅनेजरचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. मी डायनिंगच्या खुर्चीत बसले आणि डाव्या अंगठ्यानं, एकेक अक्षर शोधत, इंग्रजीत लिहिलं. की तुम्ही मागितलेली पिचर मी आहे. माझ्या खांद्याला इजा आहे आणि या सीझनला मी पिच करू शकणार नाही. "शकणार नाही" हे मी त्या दिवसापर्यंत मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. लिहून झाल्यावर कुणाला वाचून न दाखवता पाठवलं, कारण वाचून दाखवायला गेले असते तर पाठवलं नसतं.

उत्तर चार मिनिटांत आलं. किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, खरं सांगितल्याबद्दल आभार, मग आमची मुलगी आम्ही आमच्याकडेच ठेवतो, लवकर बरी हो. खाली अंगठ्याचं चित्र.

मी ते मोठ्यानं वाचलं. अमरावतीकरानं डोक्याला हात लावला. मग मी लीगचा फॉर्म उघडला, आमची नावं एकेक करून टाकली, आणि पिचरच्या रकान्यात "ठरायचंय" असं लिहिलं. माझं नाव त्या यादीत पहिल्यांदाच नव्हतं. पाच पन्नासला पाठवून दिलं. तेव्हा मात्र मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या, डाव्या बाजूनं, जपून.

चहा शेवटी डॉक्टरांनी केला. फिक्का होता. सगळ्यांनी मुकाट्यानं प्यायला आणि सात वाजायच्या आत घर रिकामं झालं.

नवरा कप विसळत होता. मी काउंटरला टेकून उभी होते. मला त्याच्याशी भांडायचं होतं, वचन मोडलं म्हणून, चारचौघांत बोलला म्हणून. पण तोंडून निघालं ते वेगळंच. "दर शनिवारी गाडीत मी तुला एवढी बोलायचे," मी म्हणाले, "डोळे तपासून घे, हात लोण्याचे झालेत, काय काय. तेव्हा का नाही सांगितलंस?"

तो कप पुसत राहिला. "तू माझ्यावर चिडलीस की घर येईपर्यंत तुला खांदा आठवायचा नाही," तो म्हणाला. "मी बघायचो ना. म्हणून म्हटलं, चिडू दे."

त्या संध्याकाळी त्याच्यावर चिडायला मी खूप काही शोधलं. काहीच सापडेना, आणि खांदा ठणकत राहिला.